मालकांचा बल्ब आणि अकरा फॉल

आमच्या गल्लीत फुकट बल्ब वाटले गेले तेव्हा मी बल्बाआधी खोका वाचला. सगळी नोकरी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवण्यात गेल्यामुळे छापलेलं काहीही हातात आलं की मी ते पहिल्या अक्षरापासून वाचतो, खताच्या पिशवीसकट. खोक्याच्या पुढच्या बाजूला मालक हात जोडून उभे होते. मागच्या बाजूला तेच मालक हात उंचावून उभे होते. उरलेल्या दोन बाजूंना त्यांची पदं होती, आजी आणि माजी, आणि 'घराघरात उजेड, मनामनात मालक' अशी ओळ. वॅटचा आकडा तळाला होता, मुंगीएवढा. बल्ब बनवणाऱ्याचं नाव कुठंच नव्हतं. वाटणाऱ्याचं चार ठिकाणी होतं. ज्या पुस्तकावर लेखकाचं नाव नसून फक्त प्रकाशन समारंभाच्या अध्यक्षांचा फोटो आहे, ते पुस्तक मी कधीच विकत घेतलं नसतं. पण हे फुकट होतं, आणि फुकट वस्तूची परीक्षा घेणं आमच्याकडे उद्धटपणा समजतात.

मालक म्हणजे आमच्या गावातले जमीनदार आणि पुढारी. गाव दिंद्रुडपासून फार लांब नाही. इथं सगळे त्यांना मालकच म्हणतात. कशाचे मालक, हे कुणी विचारत नाही. त्यांच्या वाढदिवसाला दरवर्षी काहीतरी वाटलं जातं. त्याआधीच्या वर्षी छत्र्या होत्या, त्या पहिल्याच वाऱ्यात उलट्या झाल्या. त्या वर्षी बल्ब होते.

वाटपाचा मंडप आमच्या दारात पडला, कारण गल्ली तिथंच रुंद होते. मंडपवाल्यांनी आम्हाला न विचारता एक दोर आमच्या खिडकीच्या गजाला बांधला, दुसरा दाराच्या वरच्या कडीला. वर गुलाबी आणि पिवळं कापड. वाढदिवस एका दिवसाचा, पण मंडप आठवडाभर राहिला: आधी सत्कार, मग आरोग्य शिबिर, मग मालकांच्या मुलीच्या लग्नाच्या तयारीची बैठक. आठवडाभर आमच्या ओसरीवर गुलाबी ऊन पडत होतं. त्या उन्हात वर्तमानपत्रसुद्धा लग्नपत्रिकेसारखं दिसायचं.

माझा धाकटा भाऊ शेजारच्या निम्म्या घरात राहतो आणि मालकांचा कार्यकर्ता आहे. आमच्या गल्लीची जबाबदारी त्याच्यावर होती. नुसते बल्ब वाटून काम संपत नव्हतं. घराघरात तो बल्ब लावलेला, पेटलेला, आणि खाली घरचं माणूस हसत उभं असलेलं, असा फोटो ग्रुपवर टाकायचा होता. कुणाच्या गल्लीतून किती फोटो आले त्यावर पुढच्या ग्रामपंचायतीला कुणाचं नाव, हे ठरणार असं तो मानत होता.

माझी बायको मागच्या खोलीत शिवणकाम करते. ब्लाउज, परकर, आणि मुख्य म्हणजे साड्यांना फॉल-पिको. आसपासच्या चार-पाच गावांतल्या बायका तिच्याकडे साड्या आणतात, कारण तिचा रंग चुकत नाही. फॉल म्हणजे साडीच्या खालच्या काठाला आतून शिवायची पट्टी. ती साडीच्या रंगाशी तंतोतंत जुळली तर कुणाला दिसत नाही, आणि नाही जुळली तर दुसरं काही दिसत नाही. मागच्या खोलीला खिडकी नाही. म्हणून तिची एक पद्धत होती. साडी आणि फॉलचा गठ्ठा घेऊन ती पुढच्या उंबऱ्यात यायची, उन्हात काठावर पट्टी धरायची, डोळे बारीक करून मान हलवायची, दुसरी पट्टी धरायची. मनासारखी जुळली की मगच आत जाऊन मशीनवर बसायची. आतल्या शिवणाला एक जुनी लांब ट्यूब होती.

भाऊ स्टूल घेऊन आला तो त्याच खोलीत.

"दादा, ही ट्यूब काढतो. मंडपात दोन कमी पडायल्यात."

"मग इथं काय, समई लावू?"

"मालकांचा बल्ब हाय की. अन् ट्यूब चालू असली तर फोटोत मालकांचा उजेड कसा कळंल?"

"मालकांचा उजेड सगळ्यांना आधीच कळलाय," मी म्हणालो.

तो हसला नाही. बायको म्हणाली, "भावजी, ट्यूब उद्या परत पाहिजे."

"उद्याच आणतो, वहिनी. स्टूल धर रे दादा."

मी स्टूल धरलं. ही गोष्ट मी पुढं कुणाला सांगताना गाळत असे, म्हणून इथं लिहून ठेवतो. छताला दुधी काचेचा बंद गोळा होता, मीच हौसेनं आणलेला. बल्ब त्यात बसला, पेटला, भावानं बायकोला हसायला सांगितलं. ती हसली नाही. तरीही फोटो ग्रुपवर गेला.

दुसऱ्या दिवशी ट्यूब आली नाही. बायको म्हणाली, "अहो, ह्या उजेडात समदं मातकट दिसायलंय."

मी म्हणालो, "पुढाऱ्याच्या प्रकाशात वेगळं काय दिसणार?"

"तुमी नुसते टोमणे मारा. भावजींना सांगा की ट्यूब आणा म्हणून."

उद्या सांगतो, म्हणालो. असं चार दिवस म्हणालो. टोमणा मारायला मला क्षणही लागत नाही, पण भावाच्या दारापर्यंतची वीस पावलं मला त्या आठवड्यात फार लांब वाटली.

त्याच चार दिवसांत मालकांच्या घरून अकरा साड्या आल्या. मुलीच्या लग्नातल्या मानाच्या साड्या, सगळ्या डाळिंबी, काठ वेगवेगळे. बायको सवयीनं उंबऱ्यात गेली. वर गुलाबी कापड. पट्टी गुलाबी, साडी गुलाबी, तिचे हातही गुलाबी. ती परत आत आली, दुधी गोळ्याखाली पट्ट्या लावून पाहिल्या, एक जुळली, आणि अकराही साड्यांना तिनं तो फॉल शिवला. धाग्याचं रीळही तिथंच निवडलं.

साड्या पोचवल्या, त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी भाऊ दारात उभा होता. चेहरा उतरलेला.

"वहिनी, मालकीणबाईंनी बोलावलंय. दादा, तू बी चल."

मालकांच्या बंगल्यातला हॉल मी आधीही पाहिला होता. तिथं इतके दिवे आहेत की कोपऱ्यातली धूळसुद्धा स्वच्छ दिसते. अकरा साड्या सोफ्यावर खालचे काठ उलटे करून मांडल्या होत्या. साड्या डाळिंबी. फॉल सरळसरळ चॉकलेटी. अकरा वेळा तीच चूक, एका रांगेत.

मालकीणबाई बसूनच बोलल्या. "डोळे गेले का गं तुझे?"

 बायकोनं एक काठ उचलून पाहिला आणि ठेवला.

"का घरात उरलेले फॉल खपवलेस? आमचं काम म्हणल्यावर काय बी चालंल असं वाटलं का? लग्नाला समदा जिल्हा येणार. लोक काठ बघून हसतील."

"उरलेले न्हाईत, बाईसाहेब. नवा गठ्ठा फोडला होता."

"मग आंधळी हायेस."

माझ्या बायकोचा सगळा धंदा त्या एका शब्दावर उभा होता किंवा कोसळणार होता. आंधळी म्हणा किंवा खोटी म्हणा, मालकीणबाईंच्या तोंडून निघालेला शब्द संध्याकाळपर्यंत पाच गावांत पोचला असता, आणि त्यानंतर तिच्या मागच्या खोलीत कुणी साडी आणली नसती.  माझं आयुष्यभर जमवलेलं सगळं वाचन त्या सोफ्यापुढं निकामी झालं होतं.

बायकोनं हॉलमध्ये वर पाहिलं. मग विचारलं, "बाईसाहेब, घरात मालकांचा बल्ब कुठं लावलाय?"

"कोणता बल्ब?"

"वाढदिवसाला वाटला तो."

"आमच्या घरात कशाला असंल तो?" मालकीणबाई पटकन म्हणाल्या, आणि म्हणून झाल्यावर थांबल्या.

"भावजी," बायको माझ्या भावाकडं वळली, "उरलेली खोकी कुठं ठेवलीत?"

भावानं माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं. "कोठीत," तो म्हणाला.

कोठीची खोली म्हणजे धान्याची. तिलाही खिडकी नाही. पोत्यांच्या शेजारी मालक भिंतीभर रचलेले होते, हात जोडून, हात उंचावून. बायकोनं भावाला सांगितलं, आधीचा काढा, हा लावा.  बल्ब पेटला. बायकोनं एक साडी आत आणली, दार लोटलं आणि काठ मालकीणबाईंपुढं धरला.

"आता बघा."

मालकीणबाईंनी पाहिलं. काठ उलटा केला, सुलटा केला. डोळ्यांजवळ नेला. साडी आणि फॉल एकाच रंगाचे होते, एक मळकट तपकिरी, कुठं शिवण सुरू होते ते कळत नव्हतं. त्या साडी घेऊन हॉलमध्ये गेल्या. डाळिंबी आणि चॉकलेटी. परत कोठीत आल्या. एकच रंग. पुन्हा बाहेर गेल्या तेव्हा ओसरीवरच्या उन्हात गेल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या.

"ही काय भानामती हाय?"

"तांबडा रंगच न्हाई ह्या उजेडात," बायको म्हणाली. "मी याच्याखाली बसून जुळवलंय. चूक माझी हाय, मी ह्याच्यावर भरवसा ठेवला. पण आंधळी न्हाई मी."

तेवढ्यात मालक स्वतः आले. खांद्यावर टॉवेल, मागं दोन माणसं. त्यांना सगळं सांगण्यात आलं. पुढारी माणसाची खोली किती, हे त्याच्या पहिल्या वाक्यात कळतं.

"बल्ब एक नंबर हाय," मालक म्हणाले. "असल्या गोष्टी वायरिंगमुळं व्हत्यात. तुमच्या घरची वायरिंग सडकी असंल."

"मालक, ही वायरिंग तुमचीच हाय," बायको म्हणाली.

मागच्या दोन माणसांपैकी एक खोकला. भाऊ पोत्यांकडं बघत राहिला. मालकांनी टॉवेल या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला आणि माझ्या भावाला म्हणाले, "ह्यांना घरी सोडून ये."

क्षमा कुणी मागितली नाही. मला अपेक्षाही नव्हती. मालकीणबाई निघताना एवढंच म्हणाल्या, "गुरुवारपातूर उसवून, नीट करून आण. मग बघते."

म्हणजे निकाल गुरुवारी लागणार होता, आणि हातात चार दिवस होते.

घरी आल्यावर बायकोनं दोन गोष्टी मागितल्या. "भावजी, माझ्या दारावरचं कापड सोडा. अन् माझी ट्यूब आणा." कापड सुटलं. ट्यूब मंडपातच फुटली होती.

मग ती माझ्याकडं वळली. तिच्या हातात फॉलच्या दोन पट्ट्या होत्या, एक डाळिंबी, एक चॉकलेटी. "अंबाजोगाईला जा. ज्या बल्बात ह्या दोन वेगळ्या दिसतील तो आणा. दुकानदार काय बी सांगू द्या, तुमी पट्ट्या बघा. अन् तिथं जोक करत बसू नका."

अंबाजोगाईत मी आधी मोठ्या दुकानात गेलो, कारण तिथं पाटी मोठी होती. आत एका फळीवर शंभरेक दिवे एकदम पेटलेले. त्या झगमगाटात एकाही दिव्याचा स्वतःचा उजेड दिसत नव्हता. टाय लावलेला विक्रेता म्हणाला, "सर, बाथरूमसाठी का बेडरूमसाठी?"

"शिवणकामासाठी. बाकीचे बंद करून एकच लावून दाखवा."

"बोर्ड एकाच बटणावर हाय सर."

"मग ह्यातला कोणता चांगला, हे कसं कळतं?"

"समदेच चांगले हायेत सर. हा बघा, कूल डेलाइट. दोन वर्षं गॅरंटी."

मी खिशातून पट्ट्या काढल्या आणि हातावर ठेवल्या. त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. "सर, तुमी इंजिनियर हाव का?"

"नाही. नवरा आहे."

त्यानं मला एक रंगीत पुस्तिका दिली. त्यात एक बाई दिव्याखाली हसत उभी होती. एवढ्या हसण्याचं कारण पुस्तिकेत कुठंही दिलेलं नव्हतं. मी ती परत ठेवली आणि बाहेर पडलो.

बसस्थानकामागच्या बोळात एका चाचांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. आमचा पंखा आणि पाण्याची मोटार वर्षानुवर्षं तिथंच दुरुस्त होतात. ते बल्बही विकतात, पण त्यांची पाटी नाही. मी मालकांचा बल्ब त्यांच्यापुढं ठेवला आणि झालेलं सांगितलं. त्यांनी तो तळहातावर तोलला.

"सर, ह्यो बल्ब न्हाई, फुगा हाय."

त्यांनी वरची टोपी पक्कडीनं उडवली. आत एक पातळ चकती, तिच्यावर पिवळे ठिपके, आणि खाली रिकामी जागा. चांगल्या बल्बात तिथं धातूची वाटी असते, ती उष्णता ओढून घेते, ते म्हणाले. ह्यात काहीच न्हाई. "अन् हे तुमी बंद गोळ्यात लावलंत? ह्याला श्वासच न्हाई. दोन महिने बी टिकलं नसतं. काढा तो गोळा. उघडा होल्डर लावा."

"गोळा शोभेचा आहे, चाचा."

"शोभा दिवाळीत करा. खेड्यातली लाइन म्हणजे समद्या शेतातल्या मोटारी एकदम बंद झाल्या की करंट उडी मारतो. अशा लाइनीवर हलका माल कावून लावायचा?"

मग त्यांनी दुकानातले सगळे दिवे बंद केले, शटर निम्मं खाली ओढलं आणि एकेक बल्ब होल्डरला लावून दाखवला. प्रत्येकाखाली आधी स्वतःचा हात धरला. "हात बघायचा, सर. हात मुडद्यासारखा दिसला की तो बल्ब खाली ठेवायचा." मग मोबाइलचा कॅमेरा दिव्यावर रोखला, पडद्यावर काळे पट्टे सरकू लागले की ते मान हलवायचे. "हा थरथरतो. डोळ्याला दिसत न्हाई, पण सुईत धागा ओवणाऱ्याचं डोकं दुखतं." पहिला त्यांनी स्वतःच नाकारला. दुसऱ्यात पट्टे नव्हते, पण माझ्या दोन पट्ट्या बहिणी-बहिणी दिसत होत्या. तिसरा हाताला जड होता. तो पेटला आणि डाळिंबी पट्टी डाळिंबी झाली, चॉकलेटी चॉकलेटी राहिली. त्यांच्यात संशयाला जागाच उरली नाही. चाचांच्या दाढीतली मेंदीसुद्धा मेंदीच्या रंगाची दिसली.

"हा द्या."

"ह्याच्यावर कुणाचा फोटो न्हाई सर, चालंल का?" चाचांनी विचारलं आणि बल्बाच्या बुडावर मार्करनं तारीख लिहिली. "गेला तर घेऊन या. खोका नको, बल्ब आणा. मी खोका वाचत न्हाई."

मी दोन घेतले. घरी येऊन दुधी गोळा मीच काढला, आणि ह्या वेळी स्टूलही कुणाला धरावं लागलं नाही. बायको चार दिवस सकाळी उंबऱ्यात आणि नंतर आत बसून उसवत आणि शिवत होती. उसवणं शिवण्यापेक्षा वाईट असतं. जुन्या टाक्यांची भोकं मिटवायला नखानं कापड घासावं लागतं. त्या चार दिवसांत मी एकही टोमणा मारला नाही. तिच्या ते लक्षात आलं असावं, कारण तिनं मला विचारलं, "तब्येत बरी हाय ना?"

गुरुवारी आम्ही साड्या घेऊन गेलो. मालकीणबाईंनी हॉलमध्ये पाहिलंच नाही. त्या गठ्ठा उचलून थेट ओसरीवर गेल्या, उन्हात, आणि अकराही काठ एकेक करून उलटले. शेवटचा काठ त्यांनी दोनदा पाहिला. मग घडी केली.

"हं," त्या म्हणाल्या. मालकांच्या घरात ह्यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक आजवर कुणाला मिळाल्याचं मला माहीत नाही.

बायको निघाली, तशा त्या हळूच म्हणाल्या, "आता ज्या बल्बात जुळवलंस, तो कुठून आणलास? नवरीच्या खोलीत लावायचाय. साड्या तिथंच नेसवणार. ह्यांना सांगू नको."

बायकोनं कमरेच्या पिशवीतून त्या दोन पट्ट्या काढल्या आणि त्यांच्या हातावर ठेवल्या. "बसस्थानकामागं चाचा हायेत. ह्या घेऊन जा. माझं ऐकून घेऊ नका, अन् दुकानदाराचं बी. ह्यांच्यात फरक दिसला तरच घ्या."

वाटेत मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "नका बोलू." मी नाही बोललो.

लग्नात तिच्या कामाकडं कुणी पाहिलं नाही. अकरा बायका डाळिंबी साड्या नेसून फिरल्या आणि एकीचाही काठ कुणाच्या डोळ्यात खुपला नाही; तिच्या धंद्यात यश असंच दिसतं. सोमवारी शेजारच्या गावातल्या दोघीजणी साड्या घेऊन आल्या. भावाच्या ग्रुपवर आमच्या घराचा फोटो अजून आहे. फोटोतला बल्ब कधीच निघाला, हे त्यानं ग्रुपला कळवलेलं नाही, आणि आम्हीही त्याला विचारलं नाही.

चाचांचा बल्ब अजून चालू आहे. तरीही बायको प्रत्येक साडी आधी उंबऱ्यात नेते, उन्हात धरते, आणि मगच आत घेऊन जाते. कोणत्याच दिव्याचा शब्द ती आता शेवटचा मानत नाही.

पुढच्या वर्षी वाढदिवसाला मंडपवाले आले. एकजण दोर घेऊन आमच्या दाराच्या कडीपर्यंत आला. बायको उंबऱ्यात उभी होती, हातात शिवणाची मोठी कात्री.  भाऊ मागून ओरडला, "अलीकडं बांध बे, अलीकडं!" मंडप आमच्या दाराच्या चार हात आधी संपला. गुलाबी कापडाची कड जिथं थांबली तिथून पुढं साधं ऊन होतं, आणि तिच्या हातात कुणाचीतरी मोरपंखी साडी.